कॅम्पात मी सरपंच होते, गावच्या ग्रामसभेत मला 'बाळा, खाली बस' म्हणाले

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. आयडी नवा आहे, पण चार-पाच महिने इथे गुपचूप वाचत होते. अकरावीला आहे, गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर संध्याकाळपर्यंत आईला फोन येईल.

डिसेंबरात आमच्या ज्युनिअर कॉलेजचा एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) सात दिवसांचा कॅम्प झाला. दत्तक गाव आमच्यापासून पंधरा किलोमीटरवर, सड्याखालची वाडी. आम्ही पन्नास जण शाळेत मुक्कामाला होतो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. 'युवा नेतृत्व आणि नागरिकत्व' हा या वर्षीचा विषय होता, तसा फलकच लावला होता.

पहिल्या दिवशी समित्या पडल्या. श्रमदान समितीत सगळे मुलगे, भोजन समितीत सगळ्या मुली. का, तर 'तुम्हाला सवय असते'. मला भाकरी थापायची सवय मुळीच नाही, आमच्याकडे आजी थापते. दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांचं 'नेतृत्व म्हणजे काय' हे भाषण चालू होतं आणि आम्ही अकरा जणी पडवीत कांदे चिरत ते भिंतीपलीकडून ऐकत होतो. मला हसूच आलं. संध्याकाळी मॅडमना जाऊन सांगितलं की समित्या रोज बदला. त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की मला वाटलं, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चौथ्या दिवशी मुलग्यांनी भात केला. तो वाटीने कापून वाढावा लागला, पण सगळ्यांनी खाल्ला.

आम्ही बांधत होतो वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, पऱ्याच्या (म्हणजे ओढ्याच्या) आडव्या थरावर थर रचायच्या. मी पिशव्या वाहिल्या, हाताला फोड आले, फार भारी वाटलं. तेवढ्यात वाडीतले एक आजोबा काठी टेकत आले, थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "पऱ्या व्हातोय तवर बांद घालायचा आस्तो. आता कातळ आडवताव काय?"

सगळे हसले. पण ते खरं होतं. पऱ्यात जेमतेम करंगळीएवढी धार उरली होती. कॅम्प डिसेंबरात असतो कारण तेव्हा आम्हाला सवड असते. पाण्याला तेव्हा सवड नसते.

सहाव्या दिवशी अभिरूप ग्रामसभा झाली. मी सरपंच. हातात माईक, समोर सतरंजीवर 'ग्रामस्थ'. मी पाणीटंचाईवर ठराव मांडला, एकमताने मंजूर झाला. टाळ्या. शेवटच्या दिवशी मला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं प्रमाणपत्र मिळालं.

आता खरी गोष्ट. आमच्या वाडीतही पऱ्या आहे. तीन विहिरी आहेत, एप्रिलच्या मध्यावर तळ दिसतो, मग टँकरची वाट बघायची. म्हणून मी ठरवलं की आपल्याच ग्रामसभेत सांगायचं, पुढच्या दिवाळीच्या सुमारास, पऱ्या वाहता असताना, बंधारा घालू. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पडवीत सभा होती. अडतीस माणसं आली. कोरम नाही म्हणून तहकूब. पुढच्या आठवड्यात परत गेले. या वेळी तेवीसच माणसं होती, पण आता कोरम लागत नाही म्हणाले. वीस मिनिटांत सगळे विषय 'मंजूर, मंजूर'. सरपंचताई खुर्चीत बसल्या होत्या, बोलत त्यांचे मिस्टर होते.

शेवटी मी उभी राहिले. दोन वाक्यं झाली असतील. मागून एकांनी विचारलं, "बाळा, तुझं नाव यादीत आहे का?" नाही म्हटलं. "मग खाली बस. पप्पांना पाठव." पप्पा बोटीवर असतात, सात-सात महिने. कुणी ओरडलं नाही, उलट प्रेमानेच म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

घरी येऊन प्रमाणपत्र कपाटावर टाकलं. प्रश्न एवढाच आहे की हे कॅम्पमधलं सगळं नाटक असतं का? आणि मी आता काय करू?

---

सोलकढी_दोन_वाट्या

भात वाटीने कापून वाढला 😄 हहपुवा. छान लिहिलंयस गं. बाकी जाणकार बोलतीलच.

---

उगाच_एक

प्रामाणिक सांगतो, रागावू नकोस. पन्नासातले चाळीस प्रमाणपत्रासाठी येतात, उरलेले दहा एकमेकांसाठी. नेतृत्व वगैरे फलकावर छान दिसतं. बारावीकडे लक्ष दे.

---

माजी_पीओ

उगाच_एक, मी अकरा वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो. चाळीस-दहाचा हिशेब फार चुकला असं म्हणणार नाही. पण त्या दहांतलाही एखादा टिकतो, म्हणून तर आम्ही दर वर्षी पातेली आणि सतरंज्या वाहायचो.

थोडी पार्श्वभूमी. एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. छातीवरच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, असा हिशेब. आम्ही सगळे (मीसुद्धा) त्या सात दिवसांवरच मरतो, कारण त्याचे फोटो निघतात. उरलेले तास वहीत कसेबसे भरले जातात. वास्तविक ते तास वर्षभर पसरलेले असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातले तीन रविवार बंधाऱ्याला देता येतात. तुझ्या मॅडमना हे सांग. समित्या बदलल्या तशा त्या हेही ऐकतील, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं.

आणि भोजन समितीचं म्हणशील तर माझ्याही शिबिरांत तेच होतं. कुणी विचारलं नाही, मीही बदललं नाही. आज वाचून जरा ओशाळलो.

---

मालवणी_बांगडो

गो बाय, ह्या वाचून माका माझो कॅम्प आठवलो. आमी रस्तो केल्लो. पयल्याच पावसात व्हावून गेलो. पन त्या गावातली आजी अजून माका नावान वळाकता.

---

जुना_दप्तरी

ग्रामसेवक म्हणून तीस वर्षं काढली, तीन तालुक्यांत. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दप्तर तेच.) तुझ्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या अंगाने देतो, मग माझ्या अंगाने.

ज्याने तुला यादीचं विचारलं त्याचं चुकलं नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यांची सभा. ठराव मांडायचा, त्यावर हात वर करायचा, तर यादीत नाव हवं. पण दोन वाक्यं ऐकून घ्यायला कायदा आड येत नाही, तिथे मनच आड येतं.

गणपूर्तीचं, म्हणजे तुझ्या कोरमचं, गणित असं. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. तुमच्याकडे समज ६०० मतदार असतील तर ९० माणसं हवीत. अडतिसात सभा तहकूब होणारच. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून कोकणात अर्धी गावं तहकूब सभेवर चालतात. पहिल्या सभेला चहा, दुसऱ्या सभेला निर्णय. माझ्या काळात काही पुढारी पहिल्या सभेला मुद्दाम माणसं येऊ देत नसत. दुसऱ्या सभेची खबर कुणाला लागते?

आता माझ्या अंगाने. तू सर्वांत शेवटी उभी राहिलीस, म्हणजे आयत्या वेळच्या विषयांत. आयत्या वेळचा विषय उडवणं सगळ्यात सोपं. विषय आधी लेखी द्यायचा, सभेच्या नोटिशीआधी. अर्ज दिला की आवक नोंदवहीत नंबर पडतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. त्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर तू अर्ज दिलाच नव्हतास, असं समज.

अर्ज आईच्या सहीने दे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि त्यांच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त वहीत होते. आई आणि वाडीतल्या पाच-सहा जणी आधी त्या सभेला जाऊन बसल्या तर ती खरोखर घ्यावी लागेल. तिथला ठराव मग ग्रामसभेपुढे जातो.

शेवटची गोष्ट. सभा संपल्यावर घरी पळू नकोस. इतिवृत्तात काय लिहिलं ते बघ. सभेत काय ठरलं ते आठ दिवसांनी कुणालाच आठवत नाही. वहीत जे आहे तेच ठरलं.

---

खाडीकाठची

दप्तरी काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'पहिल्या सभेला चहा' ऐकून ती म्हणाली, आपल्याकडे चहासुद्धा नसतो.

वही बघायला मागितली तर देतील का? मी मतदार नाही ना.

---

जुना_दप्तरी

आधी गोड बोलून माग. नाही दिली तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, झेरॉक्सचे पानामागे २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेव, महाराष्ट्रात तसा नियम आहे. आणि त्या कायद्यात शब्द 'नागरिक' असा आहे, 'मतदार' असा नाही.

---

चाकरमानी_ठाणे

माझं नाव गावच्या यादीत आहे, राहतो ठाण्यात. गणपतीला आणि शिमग्याला येतो. म्हणजे तुमचा कोरम माझ्यासारख्यांमुळेच मोडतो की काय? वाईट वाटलं खरं.

---

वाडीवरची_काकू

वाईट वाटून घेऊ नका, नाव ठाण्यात हलवा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. आमच्या वाडीत बावीस घरं, तेरांना कुलूप, यादीत मात्र सगळे हजर. निवडणुकीला मुंबईहून बस येते, सभेला येत नाही.

---

चाकरमानी_ठाणे

काकू, पालखी घरी येते हो माझ्या. यादीतून नाव काढलं तर भावकी म्हणेल, गाव सोडलंन.

(इथे पालखी, मान आणि मतदार यादी यांवर सुमारे वीस प्रतिसाद झाले. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

---

महाडकर_पूर्वाश्रमीचा

धागाकर्तीने विचारलंय की कॅम्पातली सभा नाटक असते का. मी महाडात वाढलो, तळ्यापासून पाच मिनिटांवर. दर २० मार्चला घरासमोरून माणसांचा लोंढा जायचा. सत्याग्रह १९२७ चा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीचं फार कुणी सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. रीतसर, वहीत. आणि पुढची तीन वर्षं त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला नाही. बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत जाऊन पाणी प्यायली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतरही कोर्टकज्जा दहा वर्षं चालला, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा.

दप्तरी काकांच्या 'वहीत जे आहे तेच ठरलं' याला माझी एवढीच पुरवणी.

---

जुना_दप्तरी

मान्य. टोपी उतरवली.

---

कासवमित्र_मंडणगड

मी वेळासच्या बाजूचा. आमच्याकडे कासवांचं काम २००२ पासून आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलं, मग गावाने उचललं. मी सातवीत असताना किनाऱ्यावर जायला लागलो. नेतृत्व हा शब्द आम्हाला कुणी सांगितला नाही. एक वही दिली. घरटं कुठे सापडलं, तारीख काय, अंडी किती. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी निघतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वहीत तारीख चुकली तर जाळी उघडायला कुणी वेळेवर पोचणार नाही, म्हणून ती चुकवायची नाही. दोन वर्षांनी मोठी माणसं आम्हाला विचारायला लागली, कारण आकडे आमच्याकडे होते.

तुझ्या विहिरींचे आकडे आहेत का कुणाकडे?

---

खाडीकाठची

नाहीत. 'एप्रिलमध्ये आटते' एवढंच सगळे सांगतात.

---

सोलकढी_दोन_वाट्या

मग लाग कामाला. +१ कासवमित्र.

---

खाडीकाठची (मे अखेर)

धागा वर काढतेय.

फेब्रुवारीपासून दर रविवारी तिन्ही विहिरींचं पाणी मोजलं. दोरीला दगड, हातभरावर गाठ. नंतर शाळेतून टेप आणली, आता फूट-इंचात लिहिते. सोबत चुलत भाऊ असतो, सहावीतला, त्याला गाठी मोजायला आवडतं. वरची विहीर ११ एप्रिलला संपली, मधली २६ ला. खालची, पऱ्याच्या वळणावरची, ९ मेपर्यंत टिकली. सगळी वाडी तिच्यावर होती. इतका पाऊस पडतो आमच्याकडे, जिल्ह्याची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि आम्ही हंडे घेऊन रांगेत. आजी म्हणते, जांभ्याच्या पोटात पाणी ठरत नाही, सासुरवाशिणीच्या पोटात गुपित ठरत नाही तसं. (ही उपमा तिची, माझी नाही.)

आईच्या सहीने अर्ज दिला. पोच घेतली. शिक्का मारताना त्यांनी दोनदा वर बघितलं. १ मेच्या सभेआधी महिला सभेला नऊ जणी गेल्या. आम्ही आधी गेलो म्हणून कुलूप उघडायला माणूस शोधावा लागला. आईने कागद वाचला आणि विहिरींचा तक्ता पुढे ठेवला. सरपंचताई पहिल्यांदा स्वतः बोलल्या. त्यांची विहीर म्हणजे आमची वरचीच. त्यांना तारीख तोंडपाठ होती, मला वही बघावी लागली. मला त्यांच्याबद्दल वर जे लिहिलंय त्याची जरा लाज वाटली. तेव्हा मिस्टर नव्हते खोलीत.

मुख्य ग्रामसभा अर्थातच तहकूब. दुसरी झाली आठवड्याने, ठराव मांडला, मंजूर झाला. मी मागे बसले होते, एक शब्द बोलले नाही. नंतर वही बघायला मागितली. दिली! आईचं आडनाव चुकलंय, पण ठराव आहे. 'श्रमदानातून बंधारा, ग्रामपंचायतीवर आर्थिक भार नाही' असं शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून घातलंय.

---

उगाच_एक

'आर्थिक भार नाही' हे मात्र अस्सल ग्रामपंचायत 😀 असो. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. अर्धा.

---

जुना_दप्तरी

आडनाव दुरुस्त करून घे. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा आईने हात वर करायचा. आणि तुला सतरा पूर्ण कधी होतात? झाली की यादीसाठी नमुना ६ चा आगाऊ अर्ज करता येतो. अठरा होण्याची वाट बघायची गरज नाही.

---

खाडीकाठची

सप्टेंबरमध्ये. करते.

---

माजी_पीओ

मॅडमशी बोललीस का?

---

खाडीकाठची (नोव्हेंबर, दुसरा आठवडा)

बोलले सर. या वर्षी डिसेंबरचा कॅम्प होणारच आहे, पण त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरातले दोन रविवार त्यांनी आमच्या वाडीला दिले. कॉलेजातून एकोणीस जण आले, वाडीतून बारा. चाकरमानी_ठाणे, तुमच्यासारखे दोघे दिवाळीला आले होते, त्यांनाही पकडलं. फोडांची तक्रार सगळ्यात जास्त त्यांनीच केली.

जागा निवडायला दत्तक गावातल्या त्या आजोबांना आणलं, काकाच्या रिक्षातून. मी दाखवलेली जागा त्यांनी नापास केली. पात्र रुंद, एका काठाला भुसभुशीत माती, पाणी बगलेतून निघून जाईल म्हणाले. तिथून चाळीस पावलं खाली, दोन्ही काठांना कातळ आहे तिथे घातला. आधी तळातला गाळ आणि पाला कातळ लागेपर्यंत काढायचा, मग पहिला थर. पिशव्यांच्या फटींत चिकणमाती. मधला भाग काठांपेक्षा जरा बुटका ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून उतरतं आणि काठ धुपत नाहीत. हे कॅम्पात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही सरळ भिंतच घातली होती.

जेवण कुणी केलं, असं सोलकढी विचारणारच. चिठ्ठ्या टाकल्या. सहा जणांत चार मुलगे आले. भात सुटा झाला होता.

नमुना ६ भरलाय. मागून 'बाळा' म्हणणारे काका पिशव्या भरायला आले होते. काही बोलले नाहीत, फावडं घरचं आणलं होतं त्यांनी.

---

कासवमित्र_मंडणगड

विहिरीचं मोजणं चालू ठेव. पुढच्या एप्रिलचे आकडे टाक इथे.

---

वाडीवरची_काकू

आमच्याकडेही घालायचाय, पऱ्या अजून वाहतोय. पिशव्या कुठून आणल्यास? आणि किती लागल्या?

---

खाडीकाठची

काकू, शाळेच्या दुरुस्तीचं काम चालू होतं, तिथून फुकट मिळाल्या. बाकीच्या दोन घरबांधणीवाल्यांकडून मागून आणल्या. साडेतीनशे लागल्या, आमचा पऱ्या अरुंद आहे. पिशवी पूर्ण भरू नका, पाऊण भरा, नाहीतर थरात नीट बसत नाही आणि उचलतही नाही. शिवायला सुतळी आणि दाभण घ्या. साध्या सुया आम्ही पहिल्या तासात सात मोडल्या.